टॅन, लिंबू आणि गोरेपणाची ट्यूब : उन्हाळ्यात या चुका टाळा

एप्रिल लागला की आमच्या औषधाच्या दुकानात रोज कुणीतरी विचारतं, "दादा, दोन दिवसांत टॅन घालवणारं काही आहे का?" असं काहीही नाही. उन्हाने चढलेला रंग त्वचेच्या वरच्या थराबरोबर उतरतो, आणि तो थर बदलायला साधारण चार आठवडे जातात. रविवारी लग्न असेल तर मेकअप करा, पण चेहरा खरवडू नका.

मुळात आपली त्वचा कोणत्या प्रकारची, हे लोक आरशात बघून ठरवतात. गोरी, गव्हाळ, सावळी ही झाली लग्नाच्या बायोडेटातली भाषा. डॉक्टर ज्या सहा प्रकारांबद्दल बोलतात, त्यांची सुरुवात अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केली. अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस ठरवायचा होता, आणि केसांचा-डोळ्यांचा रंग बघून दिलेल्या डोसाने काही रुग्ण भाजत होते. म्हणून त्यांनी रुग्णांनाच विचारलं, उन्हात तुम्ही भाजता की रापता? पहिला प्रकार दर वेळी भाजतो आणि रापत नाही, सहावा जवळपास भाजतच नाही. आपल्याकडचे बरेचजण चौथ्या-पाचव्यात येतात.

मीही गिऱ्हाइकाला तेच विचारतो. मागच्या उन्हाळ्यात काही न लावता तासभर उन्हात राहिलात, तेव्हा दुसऱ्या दिवशी कातडी लाल होऊन झोंबली, की दोन-तीन दिवसांनी नुसता रंग गडद झाला? दोन सख्ख्या बहिणींची उत्तरं वेगळी येतात. आठवून सांगा, पाहण्यासाठी मुद्दाम उन्हात बसू नका.

आता लिंबू. याचा मला खरोखर संताप येतो. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा रोज मैदानावर धावून रापला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने कापलेलं लिंबू सालीसकट तोंडाला आणि हातांना चोळलं आणि तसाच सरावाला गेला. तिसऱ्या दिवशी दुकानात आला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत रस जिथून ओघळला होता, नेमक्या तिथेच लाल पट्टे आणि फोड होते. गालावर बोटांचे ठसे उमटावेत तसे चट्टे. कागदी लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. मी त्याला काही न विकता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. फोड लवकर बसले, पण मागे राहिलेले काळे पट्टे पार दिवाळीपर्यंत दिसत होते. गडद त्वचेचं हेच आहे. भाजा, घासा, ओरखडा, ती उत्तर काळ्या डागानेच देते. म्हणून खडबडीत स्क्रब, सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही चेहऱ्याला लावू नका. माझ्या घरी रापलेल्या चेहऱ्याला गार पाणी, साधं मॉइश्चरायझर आणि टोपी, एवढंच चालतं.

"मी सावळी, मला सनस्क्रीन कशाला?" भाजणं कमी होतं हे खरं, पण वांग (चेहऱ्यावरचे काळपट चट्टे) आपल्याच त्वचेवर जास्त दिसतो, आणि तो नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन मागा.

आणखी काही चुका. एसपीएफ ५० (सनस्क्रीन भाजण्यापासून किती वाचवतं त्याचा आकडा) घेऊन वाटाण्याएवढं लावणं. तो आकडा चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम या मापाने काढलेला असतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून घ्या, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

गाडीची काच बंद आहे म्हणून निर्धास्त राहणं. भाजणारे किरण काच बरेचसे अडवते, रापवणारे यूव्हीए किरण बाजूच्या काचेतून सहज आत येतात.

मैत्रिणीने सांगितलेली गोरं करणारी ट्यूब. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं ते मिश्रण वांगावर, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचं औषध आहे. पावडरखाली रोज लावलं की कातडी पातळ होते, पुरळ उठतं, ऊन सोसत नाही, आणि सोडायला गेलं की चेहरा लालभडक होतो. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही, कितीही वाद घाला. आधीच वापरत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. ती कशी बंद करायची हे त्यांनाच ठरवू द्या.

आणि मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असताना समुद्रावर जाणार असाल, तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. त्या गोळीवर एरवी न भाजणारी माणसंही भाजतात.