आगरात जॅक रसेल सांभाळायचा तर

जॅक रसेल टेरियर घरी आणायचा विचार असेल, तर पिल्लू बघायच्या आधी आगराचा, म्हणजे घराजवळच्या माडांच्या बागेचा, गडगा फिरून बघा. नुसते दगड रचून केलेल्या गडग्यात जिथे तुमची मूठ जाते, तिथे हा कुत्रा डोकं घालणारच. खांद्यापाशी उंची २५ ते ३० सेंटीमीटर, वजन पाच-सहा किलो, आणि छाती एवढी अरुंद की मोठ्या माणसाच्या दोन पंजांत मावते. ती तशी मुद्दाम राखलेली आहे. जॉन रसेल नावाच्या इंग्रज पाद्र्याने १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून पुढे ही जात वाढवली. बिळात दडलेल्या कोल्ह्यामागे आत शिरायचं, भुंकून त्याला बाहेर काढायचं, हे हिचं काम. अंग पांढरं, म्हणजे गडबडीत कोल्हा कुठला आणि आपली कुत्री कुठली हे ओळखू यावं.

आमच्या गुहागरच्या आगरात बिळांना तोटा नाही. घुशी, उंदीर, मुंगूस आणि फुरसं हा विषारी साप. आमची भिंगरी माडाच्या आळ्याशी नाक लावून उभी राहिली की शेपटीच्या थरथरीवरून मला कळतं, खाली काहीतरी आहे. ही तिची खोड नव्हे, तिचा जन्मच त्यासाठी आहे, म्हणून उकरण्यावरून तिला मारणं मला क्रूर वाटतं. त्यापेक्षा तिला हक्काची जागा द्या. आगराच्या एका कोपऱ्यात पुळणीतल्या वाळूचा हातभर खोल खड्डा करा, त्यात तिचा चेंडू, करवंटी, जुन्या पंचाची गाठ पुरून ठेवा आणि शोधायला लावा. बाकी ठिकाणी उकरू लागली तर ओरडायचं नाही, उचलून तिथे आणायचं. पिल्लूपणीच हे सुरू केलं तर चांगलं अंगवळणी पडतं. गडग्याच्या आतून बारीक जाळी लावा आणि तिची खालची वीतभर पट्टी आतल्या बाजूला वळवून मातीखाली दाबा. कडेला उकरलं की नखं जाळीवर अडतात.

फुरशाबद्दल मात्र मी कुणाचंही मन राखत नाही. झावळांचे ढीग, नारळाची सोडणं, चिऱ्यांची रास घरापासून लांब ठेवा. दगडाच्या फटीत तिला नाक घालू देऊ नका. "सोड" आणि "ये" हे दोन शब्द इतके पक्के करा की उंदीर समोर असतानाही ती मागे फिरली पाहिजे. चावा झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. तिला चालू न देता उचलून थेट डॉक्टरकडे. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, पण प्रत्येक दवाखान्यात ती असतेच असं नाही. म्हणून जवळ कुठे मिळते ते आजच विचारून ठेवा.

उंदरांचं औषध हे दुसरं संकट. शेजारच्या आगरात टाकलेलं औषध खाऊन मरायला टेकलेला उंदीर हिच्या तोंडी सहज सापडतो. काही औषधांनी लगेच काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. संशय आला की वाट बघू नका, औषधाचं पाकीट घेऊन जा. शेजाऱ्यांशी आधीच गोडीने बोलून ठेवावं, आमच्याकडे सगळे ऐकतात.

पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करता तेव्हाच हिचीही करा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग पसरतो आणि पावसात पाणथळ जागी तो वाढतो. त्यावरची लस दर वर्षी लागते, मी मे महिन्यातच देऊन घेते. रेबीजचीही चुकवायची नाही. पावसात रोज बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान कोरडे करायचे, तेव्हाच गोचिडी काढायच्या. गुरांवर मारायचं गोचिडीचं औषध हिला लावू नका, कुत्र्याचं वेगळं मिळतं. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर ती गोचिडीच्या तापाची खूण असू शकते.

खाण्याचं फार काही नाही. भात, काटे काढलेला मासा, अंडं, भाजी चालते, पण डॉक्टरला विचारून जोडीला तयार खाद्य द्या, नुसत्या मासे-भातावर भागत नाही. कांदा-लसूण नको. मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, म्हणून गणपतीत सारणातला बेदाणा आणि पूजेचा शिरा तिच्यापासून जपावा लागतो. आमच्या सासूबाई तिच्यासाठी बेदाणा न घातलेला छोटा मोदक वेगळा उकडतात. आंब्याची कोय मात्र आतड्यात अडकते, मे महिन्यात पाटीवर झाकण हवंच.

दिवसाला तासभर तरी दमवायला हवं, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर. वाळूवर हाताची मागची बाजू ठेवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर तिच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. समुद्रावर गोडं पाणी बरोबर न्या, तिने खारं प्यायलं की उलट्या-जुलाब ठरलेले. रापणीचं जाळं ओढून झाल्यावर किनाऱ्यावर टाकलेले मासे तिला उचलू देऊ नका, अंग फुगवणारा मासा तर विषारी असतो. घरी आलं की गोड्या पाण्याने पाय धुवायचे.

दिवेलागणीनंतर तिला घरापुढच्या खळ्यात मोकळी सोडू नका. बिबट्याला एवढं कुत्रं सहज नेता येतं, आणि ही पळायची सोडून त्याच्याच अंगावर जाईल. रात्री बाहेर काढावंच लागलं तर पट्टा लावा, बॅटरी घ्या आणि तिच्याबरोबर स्वतः जा.