एसीआरसाठी लघवी द्यायला जाण्याआधी

आदल्या दिवशी गड चढायचा नाही. हे सगळ्यात वर लिहितोय, कारण बाकीचं सगळं मी नीट केलं होतं. (एसीआर म्हणजे मधुमेहात मूत्रपिंडाची गाळणी ठीक आहे ना, हे बघणारी लघवीची तपासणी.) रविवारी पायथ्यापासून सिंहगड, वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, पायीच खाली, आणि सोमवारी सकाळी सातला लॅबच्या खिडकीत डबी. रिपोर्ट आला ११२. हवा ३० च्या आत. बायकोनं लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली, मी तीन रात्री छताकडे बघत काढल्या, आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आदल्या दिवशी काय केलंत?"

तर तयारी. आधी तपासणीचं नाव नीट सांगा. 'युरिन रुटीन' म्हणजे ही नव्हे. तिथली पट्टी प्रथिनं बरीच जायला लागली की मगच रंग बदलते, आणि आपल्याला हवी असते त्याच्या खूप आधीची खबर. 'युरिन एसीआर' म्हणा, म्हणजे अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ) यांचं गुणोत्तर. काही दरपत्रकांवर अजून 'मायक्रोअल्ब्युमिन' असं जुनं नाव असतं. तिथे क्रिएटिनिनही मोजणार ना, हे विचारून घ्या. नुसत्या अल्ब्युमिनच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. चार तांबे पाणी पिऊन गेलात तर लघवी पातळ होते आणि आकडा आपोआप खाली येतो. क्रिएटिनिननं भागलं की ती लबाडी बरीचशी निघून जाते.

डबी आदल्या संध्याकाळीच लॅबमधून आणा. घरची धुतलेली बाटली नको. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, मधली धार, झाकण घट्ट. पोचवायला उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही.

ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, पाळी चालू असेल, तर तारीख पुढे ढकला. साखर तीनशेच्या वर भरकटलेली असेल किंवा रक्तदाब फार चढलेला असेल तरीही. या सगळ्यांत मूत्रपिंडाला काही झालेलं नसतानाही आकडा फुगू शकतो. दमणुकीनंही फुगतो. जोराच्या व्यायामानंतर गाळणीतून काही तास जास्त अल्ब्युमिन निसटतं. २४ तास जड व्यायाम नको म्हणतात, मी दोन दिवस पाळतो. रोजचं साधं फिरणं चालेल. गड नाही, टेकडीवर पळणं नाही, जिममध्ये वजनं नाहीत, भाच्याच्या हळदीत दोन तास नाचणं नाही. 'मला सवय आहे' हे मीही म्हणालो होतो.

रक्तदाबाच्या गोळ्या (टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल वगैरे) 'खरा आकडा कळू दे' म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. प्रथिनं कमी करणं हे त्यांचं कामच आहे. काय घेता ते डॉक्टरांना सांगा, झालं.

रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी एकक बघा. माझ्या लंडनच्या आतेभावानं फोनवर फुशारकी मारली, "माझा फक्त ४!" त्याचा रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये होता. तिथली सीमा ३, आपल्या मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या हिशेबात ती ठोकळमानानं ३० धरतात. त्याचे ४ म्हणजे आपले ३५. आपल्याकडे ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त.

एका रिपोर्टवर शिक्का मारून घेऊ नका. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यांतले दोन वाढलेले असतील तर खरं. माझे पुढचे दोन १९ आणि १६ आले. गड न चढता, हे सांगायला नको.

बाकी पटापट. त्याच वेळी रक्तातलं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगानं गाळतं त्याचा अंदाज) करून घ्या, कारण काहींची लघवी स्वच्छ असते आणि ईजीएफआर मात्र घसरत असतो. डोळ्यांचा पडदा तपासा. एसीआर टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी, टाइप १ ला पाच वर्षांनंतर दरवर्षी. आकडा वाढलेला असेल तर डॉक्टर सांगतील तसं आणखी लवकर. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये.

माझी पुढची तारीख पुन्हा सोमवारीच आलीय. गडाच्या ग्रुपवर आत्ताच टाकून ठेवलंय, त्या रविवारी मला धरू नका.