हिमालयातल्या खडकांचं वय काढताना या चुका टाळा

गंगोत्रीच्या वर शिवलिंग आणि भागीरथी शिखरांवर जो पांढुरका ग्रॅनाइट दिसतो, तो टकरीतून जन्मलेला खडक आहे. भारतीय भूखंड साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, कवच जाड झालं, खोलवरचे जुने गाळाचे खडक तापून अंशतः वितळले आणि तो रस वर येऊन थिजला. थिजण्याचं वय सव्वादोन कोटी वर्षांच्या आसपास येतं. खडक कधी वितळला आणि कधी दाबला-ओढला गेला, हे ठरवू पाहणारे प्रबंध मी बरीच वर्षं तपासतो आहे. चुका त्याच त्याच असतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे झिर्कॉनच्या कणाचा फोटो न बघता त्यावर लेझर मारणं. झिर्कॉन हे युरेनियम धरून ठेवणारं बारीक खनिज; त्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसे होतं, आणि लेझरने कणाचा ठिपका उडवून दोन्ही मोजले की वय निघतं.

हा ग्रॅनाइट ज्या रसातून आला तो फारसा गरम नव्हता, ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढ्या तापमानाला झिर्कॉन पूर्ण विरघळत नाही. मूळ गाळातले जुने कण तसेच तरंगत राहतात आणि रस थंड होताना त्यांच्यावर नवा पातळ थर चढतो. म्हणजे एकाच कणात गाभा ५० कोटी वर्षांचा, कधी त्याहूनही कितीतरी जुना, आणि कडा २ कोटींची. कडा बऱ्याचदा १० मायक्रॉनचीच असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेझरचा ठिपका २० ते ३० मायक्रॉनचा.

एका विद्यार्थ्याने मला असेच आकडे आणून दाखवले होते. सरासरी ४.७ कोटी वर्षं. तो फार आनंदात होता, कारण आकडा टकरीच्या काळाला जवळजवळ चिकटून होता. टक्कर झाली आणि लगेच कवच वितळलं, असं अख्खं प्रकरण त्याने लिहून काढलं होतं. मी कॅथोडोल्युमिनेसन्सचे फोटो मागितले, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण उजळवून गाभा आणि कडा वेगळ्या दाखवणारे. ते काढलेच नव्हते. यंत्राची वेळ मिळत नव्हती म्हणे. मग आम्ही तेच कण परत घासले, फोटो काढले आणि प्रत्येक ठिपक्याचा खड्डा पाहिला. जवळपास सगळे ठिपके कडेवरून घसरून गाभ्याला शिवले होते. हिशोब साधा आहे: कडा २.२ कोटींची, गाभा ५० कोटींचा, दोन्हीत युरेनियम सारखं धरलं, तर ठिपक्याचा जेमतेम ५ टक्के भाग गाभ्यावर पडला तरी वय ४.७ कोटी येतं. त्या काळात तिथे काहीच घडलेलं नव्हतं. तो आकडा दोन खऱ्या वयांची भेसळ होता. सहा महिने गेले त्या मुलाचे, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून माझी सवय अशी: फोटो छापून कागदावर घेतो, ठिपके पेन्सिलने आखतो, मगच यंत्राशी बसतो. मापन झाल्यावर खड्ड्यांचे फोटो पुन्हा घेतो. गाभ्याला शिवलेला ठिपका सरासरीत धरत नाही, त्याचा आकडा कितीही सोयीचा असो. घाई असणाऱ्यांना हे दोन दिवस जड वाटतात. त्यांनी हा विषय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

झिर्कॉनच्या कडेचं वय म्हणजे 'खडक वितळायला लागला ती वेळ', असंही सर्रास लिहितात. तापमान चढत असताना झिर्कॉन रसात विरघळतो. वाढतो तो उतरताना. कडा तुम्हाला थिजण्याची वेळ सांगते. वितळण्याच्या आधीचा धागा हवा असेल तर मोनाझाइट या दुसऱ्या खनिजाकडे जा आणि त्याच्या कणात यिट्रियम हा धातू कुठे किती आहे याचा नकाशा काढा. गार्नेट हे शेजारचं खनिज वाढताना यिट्रियम स्वतःकडे ओढून घेतं, म्हणून तेव्हा वाढलेला मोनाझाइट यिट्रियममध्ये गरीब असतो. पुढे गार्नेट मोडलं की ते पुन्हा मोकळं होतं आणि श्रीमंत कडा येते. वय कशाला जोडायचं ते या नकाशावरून कळतं.

मोनाझाइटमध्येही एक खड्डा आहे. हे खनिज वाढताना थोरियम भरपूर घेतं, त्यात थोरियम-२३० सुद्धा येतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षं. ते संपून जास्तीचं शिसे-२०६ मागे राहतं आणि युरेनियम-२३८ चं घड्याळ लाखो वर्षं जुनं वय दाखवतं. ५० कोटींच्या खडकात हे जाणवत नाही, २ कोटींच्या खडकात जाणवतं. तरुण मोनाझाइटला मी थोरियम-२३२ आणि शिसे-२०८ चंच वय वापरतो.

आता विरूपणाकडे, म्हणजे खडक दाबला-ओढला जाण्याकडे. डाइक म्हणजे फटीत घुसून थिजलेल्या रसाची भिंत, आणि फोलिएशन म्हणजे दाबाने खडकात पडलेल्या समांतर पट्ट्या. 'डाइक फोलिएशनला आडवा कापतो, म्हणजे त्याच्या आधी विरूपण थांबलं.' हे वाक्य वाचलं की मी पहिल्यांदा विचारतो, डाइकवर किती पावलं चाललात?

हा प्रश्न मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. सुरुवातीच्या एका मोहिमेत रस्त्यालगत सुंदर उघडा खडक होता: पांढरा सरळ डाइक, नाइस या पट्टेदार खडकाच्या पट्ट्यांना स्वच्छ कापणारा. नमुना घेतला, वय आलं, विरूपण त्याआधीच संपल्याचं लिहूनही झालं. पुढच्या वर्षी तोच डाइक धरून चाळीसेक मीटर वर चढलो. तिथे तो अभ्रकाच्या मऊ, पापुद्र्यांच्या शिस्ट खडकात शिरला होता, आणि त्याला घड्या पडल्या होत्या, जागोजागी ओढून तुटून माळेतल्या मण्यांसारखा झाला होता. खाली कणखर नाइसने त्याला सांभाळलं होतं, इतकंच. मग खालच्या नमुन्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला, तर त्यातल्या क्वार्ट्झचे कणही वाकलेले, उपकणांत फुटलेले दिसले. डोळ्यांना सरळ दिसणारा डाइकही थिजल्यावर दाबला गेला होता. लिहिलेलं सगळं मागे घ्यावं लागलं.

तेव्हापासून डाइकची दोन्ही टोकं, निदान जिथवर पाय पोचतात तिथवर, पाहिल्याशिवाय मी हातोडा काढत नाही. नमुन्यावर दिशेचा बाण जागेवरच काढतो. विरूपित डाइकचं वय सांगतं की विरूपण त्यानंतरही चालू होतं. अविरूपित डाइक फक्त त्या जागेपुरतं बोलतो. दोन्ही प्रकार सापडले तरच मधला काळ बांधता येतो.

थोरियम-युरेनियमचं गुणोत्तर ०.१ पेक्षा कमी आहे, एवढ्यावरून झिर्कॉन रूपांतरणाचा, म्हणजे रसाविना घन खडकातच वाढलेला, ठरवू नका. रसातून वाढलेल्या कडाही तशा निघतात.

बायोटाइट या काळ्या अभ्रकाचं आर्गॉन वय (पोटॅशियमपासून साठलेल्या आर्गॉन वायूवरून काढलेलं) मोनाझाइटपेक्षा जुनं आलं तर नवा सिद्धांत मांडू नका. बाहेरून शिरलेला जादा आर्गॉन हिमालयात नेहमीचाच आहे. मस्कोव्हाइट, म्हणजे पांढरं अभ्रक, साधारण ४०० अंशांच्या आसपास घड्याळ सुरू करतं, म्हणून ते थंड होण्याचं वय आहे, वितळण्याचं नाही.

आणि दळताना काळजी घ्या. आधीच्या नमुन्यातला एक झिर्कॉन यंत्राच्या फटीत राहिला तर तुमच्या खडकाला भलताच पूर्वज मिळतो. मी प्रत्येक नमुन्याआधी यंत्रातून शुद्ध क्वार्ट्झ दळून काढतो, आणि चाळणीची नायलॉनची जाळी एकदा वापरून फेकून देतो.