प्री-वर्कआउट आणि हलका नाश्ता: वेळेच्या या चुका टाळा

‘घेतले तरी काहीच जाणवत नाही’ आणि ‘घेतले की मळमळते’, अशा दोन उलट तक्रारी जिममध्ये एकाच प्री-वर्कआउटबद्दल, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायच्या, बहुधा कॅफिन असलेल्या पावडरीबद्दल, ऐकू येतात. दोष पावडरीला दिला जातो. पण ती घेण्यापूर्वी काय खाल्ले आणि किती वेळ आधी खाल्ले, हे सहसा कोणी विचारत नाही.

इंदूरमध्ये सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे पोहे-जलेबी खाऊन लगेच पावडरीचा स्कूप (मापाचा चमचा) घेणे. एका रविवारी मीही वर मूठभर सेव आणि जीरावन (इंदुरी मसाला) घातलेले पोहे व दोन जलेब्या खाऊन पंधराच मिनिटांत स्क्वॉट्सला उभा राहिलो. तिसऱ्या सेटला जीरावनाची चव घशाशी आली, अंगात तरतरी मात्र मुळीच नव्हती. ती आली घरी परतल्यावर, वर्तमानपत्र धरलेले हात थरथरू लागले तेव्हा. कारण साधे आहे. कॅफिन मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते आणि रिकाम्या पोटी साधारण ३० ते ६० मिनिटांत त्याची पातळी शिखरावर पोहोचते; परंतु तळलेल्या, तेलकट पदार्थांमुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि कॅफिनही तिथेच अडकून पडते. म्हणून सेव वगळून, लिंबू पिळलेले वाटीभर पोहे व्यायामाच्या ६० ते ९० मिनिटे आधी खावेत आणि पावडर पेलाभर पाण्यातून ३० ते ४० मिनिटे आधी घ्यावी. तेवढा वेळ हाताशी नसेल तर पोह्यांचा मोह सोडून केळ्यावर भागवावे.

याउलट, जास्त ‘किक’ बसावी म्हणून काही जण कडकडीत उपाशीपोटी पूर्ण स्कूप घेतात आणि मग हातकंप, आम्लपित्त किंवा चक्कर आल्याची तक्रार करतात. त्यांनी आधी अर्धे केळे खावे आणि सुरुवात अर्ध्या स्कूपपासून करावी. कोरडी पावडर तोंडात टाकण्याचा प्रकार तर सरळ धोक्याचा आहे, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

चहाचा हिशेब कोणीच धरत नाही. अनेक पावडरींच्या एका स्कूपमध्ये १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते, तर निरोगी प्रौढासाठी दिवसाची सर्वसाधारण मर्यादा ४०० मिलिग्रॅम मानली जाते. त्यामुळे आधीचा आणि नंतरचा कपही त्यात मोजावा. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

चेहऱ्यावर किंवा हातांवर मुंग्या आल्यास घाबरण्याचे कारण नाही. तो पावडरीतल्या बीटा-अ‍ॅलनिनचा परिणाम असून साधारण तासाभरात ओसरतो, आणि मात्रा विभागून घेतल्यास कमी जाणवतो. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर मात्र ती अ‍ॅलर्जी असू शकते आणि ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी. ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिनच्या वेळेची चिंता करू नये: रोज ३ ते ५ ग्रॅम नियमाने पोटात गेले की पुरे.

संध्याकाळी सातला व्यायाम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. कॅफिनचे अर्धआयुष्य सरासरी पाच तासांचे, म्हणजे साडेसहाला घेतलेल्या मात्रेतला निम्मा भाग रात्री साडेअकरालाही शरीरात असतो. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जागायचे असेल तर ठीक. एरवी कॅफिनविरहित प्रकार निवडावा.

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे आधी अंतर, मग पदार्थ, शेवटी मात्रा. आणि प्रत्येक बदल निदान तीन दिवस वहीत टिपावा. माझ्या वहीतली सध्या टिकलेली नोंद अशी आहे: पाच चाळीसला केळे, सव्वासहाला अर्धा स्कूप, पावणेसातला वॉर्म-अप, चहा थेट दहानंतर.