पट्टी न लावता कागदाचे तीन समान भाग

कागद अर्ध्यात दुमडायला कसलं माप लागत नाही. कडेवर कड ठेवली, नख फिरवलं, झालं. चार, आठ, सोळा भागही तसेच निघतात. अडतं ते तीनपाशी. कितीही वेळा अर्धं करत गेलात तरी छेदात 2, 4, 8, 16 एवढेच आकडे येतात, 3 कधीच येत नाही. मग कागद गुंडाळून, सरकवून, डोळ्यांच्या अंदाजाने तीन भाग केले जातात आणि दोन-तीन नको असलेल्या मोडी कागदावर कायमच्या राहतात. जपानचे जीवशास्त्रज्ञ काझुओ हागा यांच्या नावाने ओळखली जाणारी घडी हे काम अंदाजाशिवाय करते.

आधी कागदाचं बघू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. झेरॉक्सचा 75 जीएसएम (दर चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) ए-4 कागद पुरेसा आहे. तो 210 × 297 मिमी असतो. आखूड कड लांब कडेवर आणून तिरकी घडी घाला आणि खाली उरलेली 87 मिमीची पट्टी कापून टाका. राहिला तो 210 मिमीचा चौरस. कागद नीट कापलेला आहे की नाही हे तपासायला ती तिरकी मोड दुसऱ्या ए-4 च्या लांब कडेला लावा. दोन्ही सारख्या भरल्या पाहिजेत, कारण 210 × √2 म्हणजे 296.98. नाशिकच्या रविवार कारंजा किंवा मेन रोडवरून रंगीत चौरस कागदाचं पाकीट आणलंत तरी दोन्ही कर्ण मोडून बघा. कडा जुळल्या नाहीत तर तो चौरस नव्हे.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. नाशिकची जुलै-ऑगस्टची दमट हवा कागद पितो, आणि तो सगळीकडे सारखा फुगत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. रिम प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि कागद कापल्यावर लगेच दुमडायला घ्या.

आता घडी. चौरसाचे कोपरे असे समजा: वर डावीकडे अ, वर उजवीकडे ब, खाली उजवीकडे क, खाली डावीकडे ड. अ आणि ब एकमेकांवर आणा, पण पूर्ण मोड घालू नका. वरच्या कडेला फक्त बोटाने चिमटा काढा. ही खूण म. आता क हा कोपरा उचलून बरोबर म वर ठेवा, एका हाताने तिथेच दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने घडी सपाट करा. कागदाची खालची कड आता तिरकी होऊन डाव्या कडेला छेदून बाहेर आली असेल. जिथे छेदते तिथे डाव्या कडेवर पेन्सिलीचा ठिपका द्या. हा र. तो अ पासून 140 मिमीवर, म्हणजे बरोबर दोन तृतीयांशावर येतो.

घडी उघडा. र मधून आडवी मोड घालायचा मोह टाळा. बिंदूतून घडी घालताना कागद हमखास फिरतो. त्याऐवजी डावी कड स्वतःवरच सरळ ठेवून अ कोपरा र वर आणा. मोड वरून 70 मिमीवर पडते, म्हणजेच पहिला तृतीयांश. मग खालची कड त्या मोडीपर्यंत वर आणा, की दुसरा तृतीयांश.

असं का होतं हे दहावीच्या भूमितीत बसतं. चौरसाची बाजू 1 धरा. घडी उजव्या कडेला जिथे मिळते तो बिंदू प आणि बप = x. क हा म वर गेल्यामुळे मप = 1 − x, आणि मब = 1/2. पायथागोरसप्रमाणे x² + 1/4 = (1 − x)², म्हणून x = 3/8. बाजू 3/8, 4/8, 5/8, म्हणजे आपला ओळखीचा 3-4-5 त्रिकोण! म पाशी काटकोन असल्याने डावीकडचा त्रिकोण अमर याच्याशी समरूप आहे: अर = 1/2 × (1/2 ÷ 3/8) = 2/3. बाहेर डोकावणारा छोटा त्रिकोणही 3-4-5 च असतो.

चूक किती महागात पडते, तेही यातूनच कळतं. म ची खूण 1 मिमी सरकली तर र सुमारे 0.9 मिमी सरकतो आणि शेवटची मोड त्याच्या निम्म्याने. हे चालून जातं. पण कागदाची उंची रुंदीपेक्षा 1 मिमी जास्त असेल तर र जवळजवळ 1.8 मिमी चुकतो. म्हणून चिमट्यापेक्षा चौरस कापण्यावर वेळ घालवा.

हीच घडी पुढेही नेता येते. खूण ब पासून 1/न अंतरावर घेतली की अर = 2/(न+1) येतो, आणि त्याचं अर्धं 1/(न+1). खूण पाव अंतरावर घ्या, पाचवा भाग मिळेल. तृतीयांशाच्या निम्म्यावर, म्हणजे 1/6 वर घ्या, सातवा भाग मिळेल.

कागद चौरस नसेल, उदाहरणार्थ पाकिटात घालायचं पत्र असेल, तर हागा घडी कामाची नाही. तिथे जपानचे ओरिगामी कलाकार शुझो फुजिमोतो यांच्या नावाची रीत वापरा. डावीकडून अंदाजे तृतीयांशावर चिमटा काढा. उजवीकडे उरलेल्या भागाचा मध्य चिमट्याने घ्या. मग त्या खुणेच्या डावीकडच्या भागाचा मध्य, पुन्हा उजवीकडचा, असं आळीपाळीने. दर वेळी चूक निम्मी होते: सुरुवातीला 8 मिमी चुकलात तरी चार चिमट्यांनंतर 0.5 मिमी उरते. ए-4 साठी भाग 99 मिमीचा येतो.

कोनाचे तीन भाग ही याहून मोठी गोष्ट आहे. कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करता येतीलच असं नाही, हे फ्रेंच गणितज्ञ पिएर वान्त्झेल यांनी 1837 मध्ये सिद्ध केलं. घडीने मात्र येतात, कारण एकाच घडीत दोन बिंदू दोन रेषांवर बसवता येतात आणि त्यातून घन समीकरण सुटतं. इटलीच्या गणितज्ञ मार्गेरिता बेलोक यांनी 1936 मध्ये हे दाखवलं. पुढची रीत जपानच्या हिसाशी आबे यांची.

60° च्या कोनाचे तीन भाग करून बघू. नवा चौरस घ्या, कोपऱ्यांची नावं आधीचीच. उभी अर्धी मोड घाला. क कोपरा त्या मोडीवर असा आणा की घडी ड मधून जाईल. क जिथे टेकला तिथून ड पर्यंत मोड घाला. खालच्या कडेशी तिचा कोन 60°. आता अर्ध्या आणि पाव उंचीवर आडव्या मोडी घाला, डाव्या कडेवर त्यांची टोकं च (105 मिमी) आणि छ (52.5 मिमी). मग ड हा पाव मोडीवर आणि च हा तिरक्या रेषेवर, दोन्ही एकाच वेळी बसेपर्यंत कागद सरकवा. ड डाव्या कडेपासून साधारण 144 मिमीवर बसतो. सपाट करण्याआधी दोन्ही बिंदू पुन्हा तपासा. एक बसवताना दुसरा निसटतो ही इथली नेहमीची चूक. छ जिथे टेकला तिथे कागदावर ठिपका द्या. उघडून ड आणि ठिपका जोडणारी मोड घाला: 40°. खालची कड तिच्यावर आणा: 20°.

रेघ घडीखाली दडत असेल तर संक्रांतीला येवल्यात मिळतो तसा पतंगाचा पातळ कागद घेऊन खिडकीच्या काचेवर काम करा. आरपार दिसतं, फक्त मोड नखाने जोरात घोटू नका, कागद फाटतो. कोन सुमारे 42° पेक्षा लहान असेल तर दोन्ही आडव्या मोडी आणखी खाली घ्या, नाहीतर ड कागदाबाहेर जातो.