सिस्टिक फायब्रोसिसच्या औषध-संशोधनात येताय? आधी फसलेल्या चाचण्या वाचा

एम.फार्म. करून पीएचडीसाठी लॅब शोधणारी मुलं मला हमखास विचारतात, "ट्रायकाफ्टा आलंय, मग सीएफमध्ये दाहावर वेगळं औषध कशाला?" सीएफ म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, फुप्फुसांत चिकट कफ साचवणारा आनुवंशिक आजार. शंका रास्त आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधानं पुष्कळ रुग्णांचं आयुष्य पालटलं. पण ते सदोष सीएफटीआर प्रथिनाला (पेशींतून क्षारांची ये-जा सांभाळणाऱ्या) कामाला लावतं. ज्यांच्या शरीरात हे प्रथिन बनतच नाही, त्यांना त्याचा उपयोग नाही. शिवाय फुप्फुसांची हानी आधीच झाली असेल, तर दाह कमी होतो, पण पुरता शमत नाही.

या दाहाचा मुख्य कर्ता न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारची पांढरी रक्तपेशी. जंतू मारायला तो येतो आणि इलास्टेज नावाचं विकर सोडतो. तेच विकर श्वासनलिकेची भिंतही पोखरतं. मग न्यूट्रोफिलला अडवलं की झालं, असं वाटतं ना? इथेच बीआयआयएल २८४ची गोष्ट वाचावी. न्यूट्रोफिलना बोलावणाऱ्या एलटीबी-४ या रेणूचा रिसेप्टर हे औषध बंद करायचं. चाचणीत औषध घेणाऱ्या प्रौढांचा फुप्फुसाचा आजार जास्त वेळा बळावला आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. पुढे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की न्यूट्रोफिल घटले आणि स्यूडोमोनास जंतू रक्तापर्यंत पोचले. माझ्या मते नव्या माणसानं या विषयातला पहिला शोधनिबंध वाचावा तो हाच.

आयबुप्रोफेनचं उदाहरण याहून मजेशीर. होय, आपलं अंगदुखीचंच. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या चाचणीत मोठ्या मात्रेनं फुप्फुसांची घसरण मंदावली, विशेषतः लहान मुलांत. पण रक्तातली पातळी मिलिलिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम राखावी लागते. मात्रा अपुरी पडली तर न्यूट्रोफिलची वर्दळ उलट वाढू शकते! त्यात पोटातल्या रक्तस्रावाची भीती आणि वरचेवर रक्ततपासणी, म्हणून फारसे डॉक्टर ते देत नाहीत.

म्हणून हल्ली न्यूट्रोफिल येऊ द्यायचे, पण त्यांची विकरं बोथट करायची, असा विचार जोर धरतोय. ब्रेन्सोकॅटिब हे औषध डीपीपी-१ला, म्हणजे न्यूट्रोफिलची विकरं कार्यक्षम करणाऱ्या विकराला, रोखून हेच करतं. २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही सीएफ नसलेल्या ब्राँकिएक्टेसिससाठी (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार).

आता लॅबमधलं. तुमच्या संयुगानं आयएल-८ (न्यूट्रोफिलना बोलावणारं सायटोकाइन, म्हणजे पेशींमधलं निरोप्या प्रथिन) निम्म्यावर आणलं तर लगेच पेढे वाटू नका. पेशी मेल्या तरी आयएल-८ कमीच दिसतं. त्याच प्लेटवर पेशी जिवंत आहेत का ते तपासा. नंतर न्यूट्रोफिल जंतू मारतायत ना, हेही बघा. थुंकीचा नमुना बर्फावर ठेवा आणि त्याचे दोन भाग करा. सायटोकाइनच्या भागात प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तोडणारी विकरं रोखणारं रसायन) घाला, नाहीतर विकरं सायटोकाइन खाऊन टाकतात. इलास्टेज मोजायच्या भागात मात्र चुकूनही घालू नका.

सीएफच्या उंदरांना माणसासारखा फुप्फुसाचा आजार आपोआप होत नाही. मुद्दाम संसर्ग द्यावा लागतो. फेरेट आणि डुकरं जास्त जवळची, पण सांभाळायला महाग. मुलाखतीत गाईडना विचारा, रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशी मिळतात का, आणि स्यूडोमोनास हाताळायची सोय आहे का. दोन्हींना नकार आला तर दुसरी लॅब बघा, मग स्टायपेंड कितीही असो.