लोकेशन चुकीचं दाखवतंय? या चुका टाळा

नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ असतं, त्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तुम्ही त्या वर्तुळात कुठेतरी आहात, एवढंच फोन सांगत असतो. ठिपका हा त्याचा अंदाज. मोकळ्या आकाशाखाली तो साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर येतो. उंच इमारतींच्या मधोमध मात्र उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून, वळसा घेऊन पोहोचतो. त्या उशिरामुळे उपग्रह आहे त्याहून लांब असल्याचा फोनचा समज होतो आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसतो. म्हणून ॲप उघडल्या उघडल्या लोकेशन पाठवू नका. वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा.

बॅटरी वाचवायला वाय-फाय बंद ठेवणं ही दुसरी चूक. घरात उपग्रहांचे सिग्नल क्षीण होतात, तेव्हा फोन आसपासच्या राउटरवरून जागा ओळखतो. त्यासाठी वाय-फायला जोडलेलं असण्याचीही गरज नसते. पण एखादा राउटर घर बदलताना सोबत नेला असेल, तर काही काळ जुनाच पत्ता दिसू शकतो. अशा वेळी वाय-फाय थोडा वेळ बंद करून उघड्यावर या.

परवानग्याही तपासा. आयओएस १४ (२०२०) आणि अँड्रॉइड १२ (२०२१) पासून ॲपला अचूक लोकेशन द्यायचं की अंदाजे, हे आपण ठरवू शकतो. हवामानाच्या ॲपला अंदाजे पुरतं. टॅक्सीच्या ॲपला तेच दिलंत, तर ड्रायव्हर भलतीकडेच जाईल.

‘अमुक ठिकाणी पोहोचल्यावर आठवण कर’ असं सांगताना वीस-पंचवीस मीटरची हद्द आखू नका. किमान १०० ते १५० मीटरची ठेवा. ॲप पार्श्वभूमीत असताना फोन जागा सतत तपासत नाही, त्यामुळे सूचना दोन-तीन मिनिटं उशिरा येऊ शकते. बॅटरी सेव्हर चालू असेल तर आणखी उशीर. कुणी लाइव्ह लोकेशन पाठवलं असेल, तर ते शेवटचं कधी अपडेट झालं तेही पाहा. समोरच्याचं नेट गेलं तरी ठिपका जागच्या जागी दिसत राहतो.

काही उणिवा मात्र सेटिंग बदलून जात नाहीत. उंचीचा अंदाज आडव्या अंतरापेक्षा कच्चा असतो, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात की नवव्या, हे बहुतेक ॲप्सना कळत नाही. पिन इमारतीच्या मध्यावर पडते, आत शिरायचं फाटक मागच्या गल्लीत असतं. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की रस्ता दाखवताना ॲप ठिपका सरळ रस्त्यावर चिकटवतं, वर्तुळ गायब करतं आणि खात्री नसली तरी तसं सांगत नाही. रुग्णवाहिका बोलावताना हे महागात पडू शकतं. तिथे नुसती पिन पाठवून थांबू नका. मजला, फाटक आणि जवळची ठळक खूण फोनवर तोंडी सांगा.